रामन यांची नोकरी आणि माझी

(नागपुरात विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'विज्ञानातील संधी'. मी त्यांना फोन करून सांगितलं, मी सध्या विज्ञानातून बाहेर पडायची संधी शोधते आहे, तेव्हा दुसरं कुणी तरी बघा. ते म्हणाले, मग त्यावरच बोला. म्हणून इथे उभी आहे. मी खगोलभौतिकीत पीएचडी केली, त्यानंतर दोन ठिकाणी कंत्राटी संशोधक म्हणून काम केलं आणि आता बँका, विमा कंपन्या अशा ठिकाणी अर्ज करते आहे. अजून नोकरी लागलेली नाही. त्यामुळे ही काही यशोगाथा नाही.

माझं काम पल्सारवर होतं. पल्सार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. व्यास वीसेक किलोमीटर, म्हणजे नागपूर शहरात मावेल एवढा, आणि वजन सूर्यापेक्षा जास्त. तो स्वतःभोवती फिरतो, काही तर सेकंदाला शेकडो वेळा, आणि प्रत्येक फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्यापर्यंत येतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिथे असे ठोके वर्षानुवर्षं नोंदवले जातात. ठोका अपेक्षित वेळेपेक्षा किंचित लवकर आला की उशिरा, एवढाच प्रश्न. पण या 'किंचित'मध्ये सगळं दडलेलं असतं. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी अशाच नोंदींवरून सांगितलं की विश्वात अतिशय मंद गुरुत्वीय लहरींची एक सततची गुणगुण असल्याचा पुरावा मिळतो आहे. त्यात खोडदच्या दुर्बिणीवर काम करणारा भारतीय-जपानी गटही होता. मी त्या गटात नव्हते, पण माझं काम त्याच जातीचं. नोंदींमधला गोंधळ कोणता आणि खरा संकेत कोणता, हे वेगळं करणं. सहा वर्षं मी गोंधळच मोजत होते म्हणा ना.

मग सोडायचं कशाला? खरं कारण साधं आहे. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७ हजार आणि सीनिअरला ४२ हजार मिळतात. माझी सुरुवात याहून कमी रकमेवर झाली होती. पीएचडीनंतर दोन वर्षांचं कंत्राट, मग पुन्हा दोन वर्षांचं, तेही कोणत्या शहरात, कोणत्या देशात, ते आधी माहीत नाही. कायमच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझं वय एकतीस. अब्बांचा मोमिनपुऱ्यात शिलाईचा लहान कारखाना आहे आणि त्यांच्या डोळ्यांना आता सुईत दोरा दिसत नाही. धाकटा भाऊ बारावीत आहे. माझ्या वेळी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप तरी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की ती बंद केली जात आहे. म्हणजे तुमच्यापैकी ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांना एक दार कमी. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण कुणी तरी हिशेब मांडून सांगायला हवा. मला कुणी सांगितला नव्हता.

घरी कळलं तेव्हा अब्बा काही बोलले नाहीत. मामूंना मात्र वाईट वाटलं. हेच मामू दहा वर्षांपूर्वी म्हणायचे, "तारे गिनके क्या मिलेगा बेटा, बँक में लग जा." आता म्हणाले, "मोहल्ले का एक ही सायंटिस्ट था, वो भी बँक में जा रहा है." दोन्ही वेळा त्यांचं प्रेमच होतं. पण दुसरं वाक्य जिव्हारी लागतं. आपल्या समाजात कुणी एक मुलगी थोडी पुढे गेली की ती सगळ्यांची होते. तिने वाट बदलली तर तो सगळ्यांचा अपमान वाटतो.

म्हणून मला आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. गांधीसागर तलावासमोर रामन विज्ञान केंद्र आहे, शाळेच्या सहलीला सगळेच गेलेले असता. नागपूरच्या विज्ञान केंद्राला सी. व्ही. रामन यांचं नाव हे ठीक, मोठे शास्त्रज्ञ होते. पण रामन स्वतः या शहरात नोकरीला होते, हे किती जणांना माहीत आहे? १९१० मध्ये. आणि कोणत्या नोकरीत? इंग्रज सरकारच्या अर्थखात्यात.

गोष्ट अशी. रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ मध्ये इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ते मद्रासला शिकत होते, वय अठरा. पुढे काय? विज्ञानात करिअर करण्याची सोय देशात हिंदी माणसाला जवळजवळ नव्हतीच. इंग्लंडला जावं तर डॉक्टरांनी सांगितलं की तुमची प्रकृती तिथल्या हवेत टिकणार नाही. आयसीएसची परीक्षा लंडनला, म्हणजे तीही गेली. उरली वित्त सेवेची परीक्षा, जी इथे देता येत होती. थोरले भाऊ आधीच त्या खात्यात होते. रामन यांनी १९०७ मध्ये ती परीक्षा दिली, पहिले आले आणि कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले. तिथून १९०९ मध्ये रंगूनला चलन अधिकारी. मग वडील वारले, मद्रासला राहावं लागलं. त्यानंतर १९१० मध्ये नागपूर, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बढतीवर पुन्हा कलकत्ता.

पण हा माणूस नोकरी करता करता भौतिकशास्त्र सोडत नव्हता. कलकत्त्यात बऊबाजार भागात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञान संस्था होती, बरीचशी ओस पडलेली. रामन ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर तिथे जाऊन काम करायचे. बदलीच्या गावी राहत्या घरातच प्रयोग मांडायचे, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलंय. वाद्यांच्या तारा कशा कंप पावतात यावर त्यांचं त्या वर्षांतलं बरंच काम आहे. दिवसा सरकारचे हिशेब, रात्री कंपनं. अशी दहा वर्षं. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले तेव्हा त्यांनी जवळपास निम्मा पगार सोडला. रामन परिणाम १९२८ चा, नोबेल १९३० चं. हे पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मधली दहा वर्षं पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतात.

मला ती दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. त्या वेळी रामन यांच्या एखाद्या मामांना वाटलं असेल का, की पोरगा वाया गेला? बहुतेक उलटच वाटलं असेल, की चांगली सरकारी नोकरी लागली. एक गोष्ट जाता जाता सांगते. पहाटे आणि रात्री प्रयोग करता येतात कारण घर दुसरं कुणी तरी सांभाळत असतं. रामन यांच्या घरी त्या लोकसुंदरी होत्या. माझ्यासारखीने नोकरी करून रात्री पल्सार बघायचे म्हटलं तर पोळ्या कोण लाटणार, हा प्रश्न चरित्रकारांना पडत नाही.

आता रामन यांच्या त्या थोरल्या भावाकडे येऊ. तेही हिशेब खात्यात, लाहोरला होते. १९१० मध्ये, म्हणजे धाकटा भाऊ नागपूरला होता त्याच वर्षी, लाहोरला त्यांना मुलगा झाला. तो सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या खगोलभौतिकशास्त्रज्ञांपैकी एक, १९८३ चे नोबेलविजेते. वडील लेखापरीक्षक, काका लेखापाल, मुलगा ताऱ्यांचा. चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये एक लांबलचक निबंध लिहिला. विषय असा की एखाद्या गोष्टीला सतत लहान लहान, यादृच्छिक धक्के बसत असतील तर ती कशी भटकते. पाण्यातला परागकण असो की ताऱ्यांच्या गर्दीतून जाणारा एक तारा, गणित एकच.

बरोबर सोळा वर्षांनी, १९५९ मध्ये, अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या ऑस्बोर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की शेअरच्या किमतीही साधारण अशाच भटकतात. फ्रान्समध्ये लुई बाशेलिए याने १९०० सालीच प्रबंधात हा विचार मांडला होता, पण फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. १९७३ मध्ये ऑप्शनची किंमत काढण्याचं ब्लॅक आणि शोल्स यांचं समीकरण आलं. त्याला थोडं वळवलं की ते सळईतून उष्णता कशी पसरते त्या समीकरणात बदलतं, जे बी.एस्सी.ला शिकवतात. तेव्हापासून भौतिकशास्त्राचे लोक वित्त क्षेत्रात जात आहेत. म्हणजे मी काही जगावेगळं करत नाही. याहून जुनं उदाहरण हवं तर धूमकेतूवाला हॅली घ्या. त्याने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुष्यमानाचा तक्ता केला आणि कोणत्या वयाच्या माणसाला पेन्शन किती किमतीला विकावी ते दाखवलं. आयुर्विम्याचा धंदा आजही अशाच तक्त्यावर उभा आहे.

आणि आपल्या घरातलं उदाहरण. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी होता. 'अल्जिब्रा' हा शब्द त्याच्या पुस्तकाच्या नावातून आला, हे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. ते पुस्तक उघडलं तर त्याचा फार मोठा भाग वारसाहक्क आणि मृत्युपत्राच्या हिशेबांचा आहे. त्याच माणसाने ग्रहताऱ्यांची कोष्टकंही केली. आकाश आणि वाटणी एकाच टेबलावर. त्या हिशेबात मुलीचा वाटाही स्पष्ट लिहिलेला असतो. आपल्या मोहल्ल्यात तो किती घरांत खरोखर हातात पडतो, ते तुम्हीच मोजा. बाराशे वर्षांपूर्वी गणित झालेलं आहे, अडचण गणिताची नाही.

इथवर सगळं छान वाटतं. पण ताऱ्यांच्या गणितातला एक मोठा भाग बाजारात चालत नाही, आणि हे मला अर्ज करताना हळूहळू समजलं. पल्सारला माहीत नसतं की मी त्याच्याकडे बघते आहे. मी शोधनिबंध छापला म्हणून तो आपला वेग बदलत नाही. बाजार बदलतो. एखादी रीत पैसे देते असं चार जणांना कळलं की ती पैसे देणं थांबवते. आमच्याकडे नवा कण सापडला असं म्हणायला पस्तीस लाखांत एखाद्या वेळीच योगायोगाने होईल इतकी खात्री लागते. बाजारात शंभरातले त्रेपन्न अंदाज बरोबर आले तरी माणूस श्रीमंत होऊ शकतो, आणि एका वाईट आठवड्यात संपूही शकतो. १९९८ मध्ये अमेरिकेतला एलटीसीएम हा फंड बुडाला. त्याच्या भागीदारांत आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले दोघे होते. इमॅन्युएल डर्मन हा कणभौतिकीतून १९८५ मध्ये गोल्डमन सॅक्समध्ये गेलेला माणूस. २००८ ची पडझड झाल्यावर त्याने आणि पॉल विल्मॉट याने मिळून एक जाहीरनामा लिहिला, मॉडेल बनवणाऱ्यांनी आपलं मॉडेल म्हणजे जग समजू नये म्हणून. मला मुलाखतीत एका अधिकाऱ्याने विचारलं, "ताऱ्यांवर इतकी वर्षं काढलीत, आमच्याकडे काय कराल?" मी म्हटलं, तुमच्या लोकांना जिथे संकेत दिसतो तिथे फक्त गोंधळ आहे का, ते तपासेन. त्यांना उत्तर आवडलं की नाही कळलं नाही. पुढे निरोप आला नाही.

आता ज्या भागासाठी मी खरं तर बोलायला तयार झाले, तो. वित्त क्षेत्रात जायचं म्हणजे कुठे जायचं? एक दार सर्वांत जास्त पगाराचं आहे, संगणकाने झपाट्याने सौदे करणाऱ्या कंपन्यांचं. माझ्यासारख्यांना तिथे मागणी आहे. पण सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. या लोकांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. मग नफा कुणाला झाला? २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या कंपन्यांना सुमारे ३३ हजार कोटी, परदेशी गुंतवणूकदारांना सुमारे २८ हजार कोटी, खर्च वजा करण्याआधी. आणि त्यातला जवळजवळ सगळा नफा संगणकी सौद्यांतून.

हे आकडे वाचताना मला आमच्या गल्लीतली मुलं दिसतात. दुकान बंद झाल्यावर ओट्यावर बसून मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन घेणारी. त्यातला एक जण बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवून बसला. त्याच्या समोरच्या बाजूला जो प्रोग्रॅम होता, तो माझ्यासारख्याच कुणी तरी लिहिलेला असणार. मी त्या नोकऱ्यांना अर्ज केला नाही. जे करतात त्यांना मी पापी म्हणत नाही, तो कायदेशीर धंदा आहे आणि बाजाराला खरेदी-विक्री करणारे लागतातच. मला मात्र रोज संध्याकाळी त्या ओट्यावरून घरी जायचं आहे.

दुसरं दार कमी झगमगतं आहे. बँकांमध्ये कर्ज कुणाला द्यायचं हे आता बरंचसं मॉडेल ठरवतं. उत्पन्न, जुनी कर्जं, परतफेडीचा इतिहास, यावरून एक आकडा निघतो. अब्बांनी एकदा नवीन मशीनसाठी एका बँकेत अर्ज केला होता. कागद पूर्ण होते, रिटर्न भरलेले होते. पत्ता वाचल्यावर साहेबांनी फाइल बाजूला ठेवली, ती बाजूलाच राहिली. अब्बांना वाटलं आपलं नशीब. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मी पुढे वाचलं की काही बँकांनी काही वस्त्या 'निगेटिव्ह झोन' ठरवून ठेवल्या होत्या, जिथे कर्ज सहजी दिलं जात नव्हतं. तेव्हा ते काम साहेबांच्या डोक्यात होतं. आता मॉडेलमध्ये धर्माचा रकाना नसतो, पण पत्त्याचा असू शकतो, आणि आपल्या शहरांत पत्ता सांगितला की पुष्कळ काही सांगून होतं. जुन्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल जुनी सवयही शिकतं. ज्या वस्तीला कधी कर्जच दिलं नाही, तिथल्या लोकांनी कर्ज फेडल्याची नोंद कुठून येणार?

बँकांत मॉडेल बनवणारे वेगळे आणि ते तपासणारे वेगळे असतात, निदान नीट चालणाऱ्या बँकांत. हे तपासण्याचं काम मला हवं आहे. संकेत कोणता, गोंधळ कोणता आणि साहेबांची जुनी सवय कोणती, हे वेगळं काढणं. मी एकटी आत गेल्याने वस्तीला कर्ज मिळू लागेल असं नाही, नोकरदाराची ताकद किती असते ते मला ठाऊक आहे. पण त्या खोलीत पिनकोडचा अर्थ माहीत असलेलं एकही माणूस नसणं आणि एक असणं, यात फरक पडतो.

व्याजाचं काय, हा प्रश्न आता इथे कुणाच्या तरी मनात असेलच. घरीही विचारला गेला. फुफींनी सरळ विचारलं, "सूद की कमाई खाएगी?" मी मुफ्ती नाही. एवढं सांगते की यावर उलेमांचंही एकमत नाही. इजिप्तचे त्या वेळचे मुफ्ती तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी बचत प्रमाणपत्रांवरचा परतावा जायज ठरवला आणि इतर अनेकांनी त्यांना कडाडून विरोध केला. माझं स्वतःचं मत असं आहे की ज्या शोषणामुळे व्याजाला मनाई झाली, ते आज आपल्या मोहल्ल्यात महिना पाच टक्क्यांनी पैसे देणारा सावकार करतो, आणि बँक दार बंद करते म्हणूनच त्याचं दुकान चालतं. ज्यांना हे पटत नाही त्यांचा मी आदर करते. त्यांनी वित्तातला दुसरा कोपरा बघावा, पुष्कळ आहेत.

आता थोडं कामाचं. माझा बायोडेटा नऊ पानांचा होता, निबंधांच्या यादीसकट. तो एका पानाचा केला. 'पल्सारच्या ठोक्यांतील मंद बदलांचे विश्लेषण' याच्या जागी 'कालानुक्रमे आलेल्या मोठ्या माहितीचे सांख्यिकी विश्लेषण' असं लिहिलं. पायथन येत होतं, एसक्यूएल नव्याने शिकले. जमाखर्च मला अजिबात येत नव्हता. शेजारची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने मला नावे-जमा शिकवलं, आणि मी सतत उलटं लिहायचे तेव्हा ती इतकी हसायची की अम्मी आतून विचारायची काय झालं. इथल्या वाणिज्यच्या मुलामुलींनो, तुमच्याकडे जे आहे ते पीएचडीवाल्यांकडे नसतं, हे लक्षात असू द्या. ज्यांचं गणित बरं आहे त्यांनी ॲक्चुअरी हा व्यवसाय बघा. त्याच्या परीक्षा अवघड असतात, पण बारावीनंतर प्रवेश परीक्षा देता येते आणि नोकरी करत करत पुढचे पेपर देता येतात. संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेत सांख्यिकी विभागाची वेगळी अधिकारी भरती असते. रिझर्व्ह बँकेची इमारत तर रोज संविधान चौकातून जाताना दिसते. तिथे आत जायची परीक्षा असते, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं.

पल्सार मी पूर्ण सोडणार नाही. जुन्या नोंदी सार्वजनिक असतात, रात्री लॅपटॉपवर बघता येतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पोळ्यांचं भावाला सांगितलं आहे, तो आता वर्तुळाकार जवळ पोचला आहे.

पुढच्या रविवारपासून सकाळी दहा वाजता मी इथेच पायथन आणि प्राथमिक संख्याशास्त्र शिकवणार आहे. आठ आठवडे, फी नाही. इथे संगणक चारच आहेत, ज्यांच्याकडे लॅपटॉप असेल त्यांनी आणा. मुलींना घरून सोडायला अडचण असेल तर घरच्यांचा नंबर द्या, मी बोलेन. आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतली निळ्या ओढणीची मुलगी मघापासून हात वर करून बसली आहे, आधी तिला माइक द्या.